कड उघडी पडली आणि आग आत शिरली: चुनखडीवरच्या एका वेलजाळीचं प्रकरण

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात रॉकहॅम्प्टनच्या उत्तरेला गुरांच्या एका खाजगी मालमत्तेवर आमच्या छोट्या चमूने काही वर्षं तण काढण्याचं काम केलं. त्या कामात आमच्या हातून एक मोठी चूक झाली. ती कशी झाली आणि नंतर आम्ही काय केलं, हे इथे क्रमाने लिहितो आहे. मालकांची ओळख पटू नये म्हणून जागेचे काही तपशील बदलले आहेत. झाडं, तण, आग आणि आमचे निर्णय जसे होते तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

रॉकहॅम्प्टन मकरवृत्ताला लागून आहे. वर्षाला साधारण 800 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत. ऑगस्टनंतर सगळं वाळतं आणि वणव्यांचे दिवस सुरू होतात. आसपासचा बहुतेक प्रदेश निलगिरीच्या विरळ रानाचा आणि गवताचा आहे. त्या रानाला आग सवयीची आहे. तिथल्या मूळ रहिवासी दारुंबल लोकांनी पिढ्यानपिढ्या तिथे विचारपूर्वक आग वापरली.

या गवताळ रानातून मधेच चुनखडीचे करडे खडक वर येतात. डेव्होनियन काळातल्या, म्हणजे सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या, समुद्रतळाचे हे अवशेष. पावसाने चुना विरघळून खडकाला अशा धारा आलेल्या असतात की हात टेकवला तर कातडी सोलून निघते. या खडकांवर आणि त्यांच्या पायथ्याशी एक वेगळीच वनस्पतीसृष्टी तगून आहे. तिकडचे लोक तिला व्हाइन थिकेट म्हणतात. मराठीत मी वेलजाळी म्हणतो, कारण करवंदाच्या जाळीत वाकून शिरलेल्या माणसाला त्या शब्दातच सगळं कळतं.

आणि करवंद तिथे खरोखर आहे! आपल्या करवंदाचीच प्रजात, पानं बारीक, काटे तितकेच नेमके. वाघाटीच्या कुळातल्या काटेरी वेली आहेत, जंगली जुई आहे, टेंभुर्णीची भावंडं आहेत. पोट सुटलेलं बाटलीझाड आपल्या कांडोळाच्या नात्यातलं. शेंद्री तर तीच, जिच्या फळावरची लाल पूड आपल्याकडे रंगासाठी वापरतात. खडकावर बसलेल्या रानउंबराची मुळं भेगांमधून कित्येक मीटर खाली ओल शोधत गेलेली दिसतात. उन्हाळ्याच्या तोंडाला काही झाडं पानं गाळतात, काही धरून ठेवतात.

या जाळीला आग सोसत नाही. साली पातळ आहेत. पण एरवी आग तिच्यापर्यंत पोचतच नाही. आत इतकी सावली असते की गवत उगवत नाही, पाचोळा दमट राहतो आणि मधले उघडे खडक ज्वाळेची वाट तोडतात. गवताळ रानातली आग जाळीच्या कडेपर्यंत येते आणि विझते. म्हणजे जाळीचं सगळं संरक्षण तिच्या कडेत असतं. हे वाक्य मी आज सहज लिहितो. काम सुरू केलं तेव्हा ते माझ्या अंगात मुरलेलं नव्हतं.

ब्रिगॅलो पट्ट्यातल्या (ब्रिगॅलो ही तिथली एक बाभूळ, तिच्यावरून पूर्व ऑस्ट्रेलियातल्या या पट्ट्याचं नाव) अशा निमसदाहरित वेलजाळ्या ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय पर्यावरण कायद्याखाली धोक्यातला समुदाय म्हणून नोंदलेल्या आहेत. बऱ्याचशा शेती आणि कुरणांसाठी साफ झाल्या. ज्या खडकावर नांगर चालत नाही तिथे तुकडे उरले. रॉकहॅम्प्टनच्या उत्तरेला सुमारे 25 किलोमीटरवर असलेल्या माउंट एटना टेकडीची गोष्ट तिकडे सगळ्यांना माहीत आहे. सिमेंटच्या चुनखडीसाठी तिथे 2004 पर्यंत खाण चालली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस गुहा वाचवण्यासाठी गुहाप्रेमींनी मोठा लढा दिला, तरी काही गुहा सुरुंगाने गेल्या. तो वाद गुहांचा आणि त्यांतल्या वटवाघळांचा होता. वरच्या जाळीबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

त्याच टेकडीत सापडलेल्या जीवाश्मांवर क्वीन्सलँड म्युझियमचे स्कॉट हॉकनल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. सुमारे 2 लाख 80 हजार वर्षांपूर्वीपर्यंत तिथे वृक्ष-कांगारूंसारख्या प्राण्यांचं ओलं वर्षावन होतं आणि 2 लाख 5 हजार वर्षांपूर्वीपर्यंत त्याच्या जागी कोरड्या प्रदेशातले प्राणी आले होते, असं त्यातून दिसतं. आजच्या जाळीत उभं राहिलं की हे आठवतं. इतका कोरडेपणा पचवून जे टिकलं, ते आपल्या हातून जाऊ नये असं वाटतं.

अडचण

आमच्या प्रकरणातला खडक लहान होता. जाळीचा पसारा जेमतेम तीन हेक्टर, भोवती ब्राह्मण जातीच्या गुरांचं कुरण. (या ब्राह्मण गुरांच्या वंशात गीर, ओंगोल, कांकरेज यांच्याबरोबर आपल्याकडची कृष्णा खोऱ्याची गुरंही आहेत. कुरणाच्या दारात ती वशिंडं पाहिली की सातारा-सांगलीच्या कुणालाही घरच्यासारखं वाटेल.) मालक-मालकीण साठीतले. खडकावर मालकीणबाईंचा जीव होता. त्यांच्या सासऱ्यांनी कुरण काढताना तेवढा भाग सोडला होता.

2015 मध्ये त्यांनी आम्हाला बोलावलं ते घाणेरीसाठी. जाळीच्या चहूबाजूंनी घाणेरीचा दहा-पंधरा मीटर रुंद पट्टा झाला होता. काही ठिकाणी ती आत झाडांवर चढली होती. एका कोपऱ्यात रबरवेलही होती, मादागास्करहून शोभेसाठी आणलेली आणि मग उत्तर क्वीन्सलँडच्या नदीकाठांवर पसरलेली. तिथल्या जैवसुरक्षा कायद्यात ही दोन्ही तणं निर्बंधित आहेत.

कुरणात गिनी गवत होतं. आपल्याकडे शेतकरी बांधावर लावतात तेच, आफ्रिकेतलं. तिथे ते माणसाच्या डोक्यावर जातं आणि ऑक्टोबरात वाळून उभं राहतं. आम्ही ते पाहिलं आणि वहीत लिहिलं, “कुरणात गिनी. घाणेरीच्या बाहेर.” “बाहेर” या शब्दापाशी आम्ही थांबायला हवं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय आगीचा. रबरवेल आगीने मरते, नदीकाठच्या रानात तो मान्य उपाय आहे. इथे तो विचारातच घेता येत नव्हता.

दुसरा, घाणेरी मुळासकट काढायची. भारतात दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी मांडलेली पद्धत मी वाचली होती: जमिनीखाली मुळाचा गड्डा कापायचा आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे फुटवा येत नाही. मातीत ती उत्तम चालते. चुनखडीच्या भेगेत कुदळ जात नाही, आणि गेली तरी शेजारच्या झाडाची मुळं तुटतात. ती कल्पना एका दिवसात सोडली.

तिसरा, बुंधा कापून लगेच त्यावर तणनाशक लावायचं. हातकाम, वेळखाऊ, पण नेमकं.

चौथा, काहीच न करता थांबायचं. हा पर्याय आम्ही गंभीरपणे मांडलाच नाही. पैसे मिळाले होते, माणसं मिळाली होती आणि डोळ्यासमोर तण होतं.

तिसरा निवडला आणि तो बरोबरच होता. प्रश्न होता क्रमाचा: कुठून सुरू करायचं, किती एकदम काढायचं? चमूतल्या एका वयस्कर बाईंनी सांगितलं होतं की आतून बाहेर या, बाहेरचा घाणेरीचा घेर शेवटपर्यंत ठेवा, त्याखाली देशी रोपं वर आली की मगच तो काढा. त्याला चार-पाच वर्षं लागली असती. आमच्याकडे निधी दोन वर्षांचा होता. मालकांचं म्हणणं होतं, “काढायचीच आहे तर एकदा काढून टाका.” मीही त्याच बाजूचा होतो, हे लिहायला हवं.

काय केलं

2016 च्या थंडीत, म्हणजे तिथल्या जून-जुलैत, आम्ही वायव्य बाजूचा पट्टा काढला. गाडीची वाट त्या बाजूने होती, एवढंच कारण. तीन आठवड्यांत जवळपास दोनशे मीटर लांबीची कड मोकळी झाली. आतला करवंद, शेंद्रीची रोपं, खडकाची धार, सगळं पहिल्यांदा उघडं दिसलं. मालकीणबाई खडकावर हात ठेवून बराच वेळ उभ्या होत्या.

दक्षिण गोलार्धात सूर्य वर्षाचा बहुतेक काळ उत्तरेकडून चालतो. भर दुपारनंतरचं ऊन वायव्येकडून पडतं. म्हणजे जाळीची सगळ्यात तापणारी बाजूच आम्ही आधी उघडी केली. आपल्याकडे वाढलेल्या माणसाच्या मनात तापणारी बाजू दक्षिणेची असते. ही माहिती मला पुस्तकातून होती, पण जागेवर उभं राहून ती वापरली नाही.

पुढच्या पावसाळ्यात घाणेरीचे फुटवे काढायला आम्ही दोनदा गेलो. फुटवे थोडेच होते, त्यामुळे अहवालात काम यशस्वी असं लिहिलं. त्याच भेटीत मोकळ्या पट्ट्यात गिनी गवताची घोट्याएवढी रोपं दिसली होती. ती आमच्या कामाच्या यादीत नव्हती. 2018 च्या मार्चपर्यंत ती छातीएवढी झाली. घाणेरीची सावली होती तोवर ते गवत जाळीपासून पंधरा मीटर दूर होतं. आता करवंदाला टेकलं होतं.

हा खरा निर्णयाचा क्षण होता, आणि आम्ही तो हातातून जाऊ दिला. निधी संपला होता. मालकांनी त्या पट्ट्यात गुरं सोडू का, असं विचारलं. आम्ही नको म्हटलं. गुरं कड तुडवतील, शेणातून बियाणं आत नेतील, ही आमची भीती. भीती खोटी नव्हती. पण गुरांना नको म्हणताना गवताचं काय करायचं याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

नोव्हेंबर 2018

त्या महिन्याच्या शेवटी मध्य क्वीन्सलँडवर उष्णतेची लाट आली. 28 नोव्हेंबरला आगीच्या धोक्याची “कॅटास्ट्रॉफिक” ही सर्वोच्च श्रेणी जाहीर झाली, क्वीन्सलँडमध्ये पहिल्यांदाच. रॉकहॅम्प्टनजवळचं ग्रेसमिअर गाव रिकामं करावं लागलं.

आमच्या खडकाशी आग आली ती त्याच आठवड्यात, रस्त्याकडेच्या गवतातून. एक शेजारी बुलडोझर घेऊन आला आणि खडकाच्या पायथ्याशी जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत खरवडून मोकळा केलेला पट्टा, काढतो म्हणाला. मालकीणबाईंनी फोनवर विचारलं. आम्ही सांगितलं, पायथ्याशी नको, कुरणात चाळीस मीटर बाहेर काढा. पायथ्याशी रेषा काढली असती तर उरलीसुरली कडच मातीत गेली असती. हा सल्ला आजही बरोबर वाटतो. रेषेने दक्षिण आणि पूर्वेला आग मंदावली. वायव्येला गिनी गवत रेषेच्या दोन्ही अंगांना उभं होतं. ज्वाळा रेषेवरून उडाली.

दोन दिवसांनी मी तिथे पोचलो. दक्षिणेला, जिथे घाणेरी अजून होती, तिथे तिची बाहेरची फळी होरपळली होती आणि आत जाळी हिरवी होती. घाणेरी जळत नाही असं मुळीच नाही. याहून कोरड्या वर्षी तीही पेटते. पण त्या दिवशी तिने झळ स्वतःवर घेतली. वायव्येला आग वीस-पंचवीस मीटर आत जाऊन सलग खडकाशी थांबली होती. तिथे पाचोळ्याची राख घोट्याएवढी होती आणि राखेत सगळीकडे पांढरे ठिपके. वाकून उचलले तर गोगलगायींचे शंख. चुनखडीच्या जागी गोगलगायी खूप असतात, शंखाला लागणारा चुना तिथे मिळतो. कोरड्या दिवसांत त्या पाचोळ्याखाली शंखाचं तोंड पातळ पडद्याने बंद करून पावसाची वाट बघतात. बोटांत धरला तर शंख पिठासारखा चुरला. एका बाटलीझाडाची साल तळापासून कमरेएवढी शिजून सुटली होती. ते झाड पुढच्या वर्षी पडलं.

आगीनंतरचे निर्णय

लगेच रोपं लावायची की थांबायचं, यावर चमूत मतभेद झाले. मालकांना लावायची होती, आणि ते मला समजत होतं. काळी जमीन रोज बघवत नाही. शेवटी एक पावसाळा थांबून मुळातून काय फुटतं ते पाहायचं ठरलं. वेलजाळीतली पुष्कळ झाडं एका आगीनंतर बुंध्यातून फुटतात. दुसरी आग लवकर आली तर मात्र ती ताकद संपते. म्हणून सगळा जोर गवतावर लावला.

डिसेंबरात पहिला पाऊस पडला आणि दहा दिवसांत गिनीचे ठोंब हिरवे झाले. देशी झाडांना फुटायला सहा आठवडे लागले. या दोहोंमधला महिना आम्ही वापरला. देशी फूट जमिनीवर येण्याआधी प्रत्येक ठोंबावर हातपंपाने ग्लायफोसेट हे सगळ्याच हिरव्या रोपांना मारणारं तणनाशक मारलं. फूट दिसू लागल्यावर ते थांबवलं आणि बियांपासून आलेल्या गवतावर हॅलॉक्सिफॉप वापरलं. ते फक्त गवतवर्गीय रोपांना मारतं, रुंद पानांच्या रोपांना सोडतं. जुन्या ठोंबांवर त्याचा जोर चालत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा होता.

गुरांबद्दलचं मतही बदललं. कडेपासून दहा मीटर सोडून विजेच्या तारेचं तात्पुरतं कुंपण घातलं आणि त्याबाहेरच्या गिनीवर फेब्रुवारी ते एप्रिल थोड्या थोड्या दिवसांसाठी दाट संख्येने गुरं सोडली. कोवळं गिनी गुरं आवडीने खातात. मे महिन्यात बाहेरचं गवत गुडघ्याखाली होतं. कुंपणाची तार सरकवायचं काम मालकांवर पडलं. त्यांनी ते सलग चार वर्षं केलं आणि आमच्यापेक्षा जास्त जाळी त्यांनीच वाचवली.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर ज्या जागी काहीच फुटलं नाही, तिथे शेंद्री आणि बकाण यांची रोपं लावली. दोन्ही लवकर वाढतात आणि सावली धरतात. उंबर लावावा लागला नाही. हळद्याच्या कुळातला फिगबर्ड त्याच्या बिया खडकावर आणून टाकतो.

आज काय दिसतं

खडकाजवळ लोखंडाची एक खुंटी ठोकली आहे, तिथून दरवर्षी मे महिन्यात एकच फोटो काढतो. 2019 च्या फोटोत काळी जमीन आणि करवंदाचे वीतभर फुटवे. 2021 मध्ये करवंद छातीला, मधे मधे गवत. 2024 च्या फोटोत शेंद्रीची डोकी एकमेकांना टेकली आहेत आणि खाली गवताऐवजी पाचोळा दिसतो. जळालेल्या भागाच्या साधारण दोन तृतीयांशांत जाळी मिटते आहे. बाकीच्या भागात, बाटलीझाड पडलं तिथे, भगदाड अजून मोठं आहे आणि गिनी दरवर्षी परत येते. गोगलगायींचे जिवंत शंख पहिल्या वीस मीटरमध्ये अजून क्वचितच सापडतात. मोठ्या खडकापलीकडे, आग गेली नव्हती तिथे, त्या पूर्वीसारख्याच आहेत. तिथून इकडे यायला त्यांना किती पावसाळे लागतील, ते दर मे महिन्यात दगड उलटून बघतो.

रबरवेलीचा कोपरा बुंधे कापून, औषध लावून साफ झाला. तिच्यावर 1990 च्या दशकात सोडलेला तांबेरा दमट वर्षांत पानं गाळवतो, त्याचीही मदत झाली.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात आग्नेयेकडून करायला हवी होती. ती बाजू थंड, सावलीची. तिथे चूक झाली असती तरी गवताला इतकं ऊन मिळालं नसतं.

घाणेरी काढणं आणि गवत आवरणं हे एकच काम म्हणून निधी मागायला हवा होता. आमच्या अर्जात घाणेरीचं क्षेत्रफळ हेच यशाचं माप होतं, म्हणून आम्ही ते माप पूर्ण केलं. दोन वर्षांच्या पैशांत दोनशे मीटर कड उघडण्याऐवजी तीस मीटर उघडून ती पाच वर्षं सांभाळली असती, तर अहवाल लहान झाला असता आणि बाटलीझाड आज उभं असतं.

चमूतल्या त्या बाईंचं म्हणणं बैठकीच्या टिपणात एका ओळीत आहे. विरोधात काय युक्तिवाद झाला ते टिपणात नाही, कारण युक्तिवाद झालाच नाही. घाई झाली.

मार्च 2018 मध्ये गुरांना नको म्हणताना आम्ही दोन धोके शेजारी ठेवून तोलायला हवे होते. गुरांनी तुडवलेली कड दोन पावसाळ्यांत भरून येते. जळालेली पंचवीस मीटर जाळी सहा वर्षांनीही पूर्ण भरलेली नाही.

आग्नेयेचा घाणेरीचा पट्टा अजून शिल्लक आहे. त्याखाली आता शेंद्रीची आणि जंगली जुईची रोपं कमरेएवढी झाली आहेत. गेल्या थंडीत आम्ही त्यात तीन-तीन मीटरच्या चार खिडक्या कापल्या. यंदा पावसाळ्यात गवतासाठी दोन फेऱ्या ठरल्या आहेत. त्या चार खिडक्या बंद झाल्याशिवाय पाचवी कापायची नाही, असं मालकीणबाईंनी आमच्याकडून लिहून घेतलं आहे.